ट्रेलरची डावी बाजू

शेवटी ट्रेलरचा डावा दिवा डावीकडेच लागला, भट्टी एकही ओरखडा न पडता घरी पोचली आणि सरांचा मानही शाबूत राहिला. झालं. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजायचं. कुठली भट्टी, कसला ट्रेलर, आपल्याला काही ठाऊक नाही. शनिवारची दुपार आहे आणि सासऱ्यांच्या अंगणात एक जावई स्वतःच्या गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरलाय. बाहेर फक्त पाय दिसताहेत, आणि पायांवरून माणूस ओळखायचा झाला तर हा माणूस पस्तावलेला आहे.

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. आयुष्यात त्याने हजारो स्क्रू पिळले होते, पण सगळे लोकांच्या कानांजवळचे. गाडीच्या वायरिंगशी त्याचा संबंध काल संध्याकाळपर्यंत शून्य होता. काल संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला, "त्यात काय, सात वायरी तर आहेत," आणि संबंध जुळला.

प्रकरण भट्टीचं होतं. त्याची बायको घरच्या घरी पाव भाजून विकायची. तिचा ओव्हन इतका लहान की एका गिऱ्हाइकाचा पाव भाजून होईपर्यंत दुसऱ्याची भूक मरायची. शेजारच्या गावातला एक म्हातारा बेकरीवाला दुकान बंद करत होता आणि आपली भट्टी तिलाच द्यायची असं त्याने ठरवलं होतं. तिच्या पावाचा तुकडा खाऊन त्याने बराच वेळ डोळे मिटले होते, म्हणून. पण रविवारी दुपारपर्यंत दुकान रिकामं करायचं होतं. त्यानंतर भट्टी भंगारवाल्याची. बायकोने ते शब्द नवऱ्याला सांगितले तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, आणि तिचा आवाज साधा झाला की काम झालंच पाहिजे हे नवऱ्याला लग्नापासून माहीत होतं.

भट्टी गाडीत मावणार नव्हती. ट्रेलर सगळ्या नात्यागोत्यात एकच होता, सासऱ्यांचा. गाडीला ट्रेलर जोडायचा हुक मेकॅनिकने मागेच बसवून दिला होता, पण ट्रेलरच्या दिव्यांना वीज पोचवणारं सॉकेट बसवायचं राहिलं होतं. गाडीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सोमवारी या." सोमवारी भट्टीचे तुकडे झालेले असणार होते. म्हणून सॉकेटची पेटी विकत आणली गेली आणि जावई डिकीत गेला.

सासरे शाळेत कवायतीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची शिट्टी निवृत्त व्हायला तयार नव्हती. ती त्यांच्या गळ्यातच असायची. सगळी गल्ली त्यांना 'सर' म्हणायची, कारण गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्यासमोर ओळीत उभी राहून मोठी झाली होती. सासूबाईही त्यांना सरच म्हणायच्या. जावयाने लग्नानंतर एकदा 'बाबा' म्हणून बघितलं. तेव्हा सरांनी मागे वळून दुसरं कोणी आलंय का ते पाहिलं.

सरांनी ट्रेलर द्यायला नाही म्हटलं नाही. त्यांची एकच अट होती. "सगळे दिवे लागले पाहिजेत, जावईबापू. माझ्यासमोर. कार्डावर आहे तस्सं."

कार्ड म्हणजे पेटीत आलेला जाड कागद. त्यावर कुठल्या रंगाची वायर सॉकेटच्या कुठल्या नंबरला लावायची ते छापलं होतं. सर ते मांडीवर घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

ट्रेलरच्या बाबतीत सरांचा शब्द अखेरचा असायचा. मागे एकदा मोठे साडू म्हणाले होते, "सर, चाक जरा वाकडं वाटतंय." चाक खरंच वाकडं होतं. सरांनी शांतपणे ट्रेलर शेडमध्ये नेला, कुलूप घातलं, आणि पुढे साडूंनी घर बदललं तेव्हा त्यांनी कपाट डोक्यावरून नेलं. ही हकीकत घरात कोणी मोठ्याने सांगत नसे.

जावयाने काम मात्र मन लावून केलं. डिकीच्या आतलं प्लास्टिक काढलं. ते बसवलेल्या क्लिपांपैकी काही जागेवर राहिल्या, काही आकाशात गेल्या. मागचा दिवा सोडवला. टेस्टरचा चिमटा पत्र्याला लावून एकेक वायर टोचून बघितली. डावा इंडिकेटर चालू केल्यावर कुठली पेटते, ब्रेक दाबल्यावर कुठली, पार्किंगला कुठली. ब्रेक दाबायला बायको यायची, कोपरापर्यंत पीठ माखलेली, आणि पाय दाबून परत माहेरच्या स्वयंपाकघरात, कणकेकडे जायची. मग वायरींचा जुडगा रबराच्या बुचातून बाहेर काढला, पत्र्याचा रंग खरवडून अर्थिंग दिलं, सॉकेट हुकाशेजारी बसवलं. चष्म्याच्या दुकानातला माणूस असल्याने स्क्रू इतक्या नाजूकपणे पिळले होते की सॉकेटला कळलंही नसेल.

"या बाहेर," सर म्हणाले. "तोंडी परीक्षा. पिवळी?"

"एक नंबरला, सर. डावा इंडिकेटर."

"हिरवी?"

"चार नंबरला. उजवा."

"पांढरी?"

"अर्थिंग, सर."

"ऐकू येत नाही."

"अर्थिंग, सर!"

समोरच्या घराच्या खिडकीतूनही कोणीतरी "अर्थिंग, सर!" म्हणालं. तिथे दंतवैद्याचा दवाखाना होता आणि दंतवैद्य सरांचा विद्यार्थी होता. सवयीने बोलून गेला. खुर्चीतल्या पेशंटनेही काहीतरी म्हटलं, पण त्याच्या तोंडात कापूस होता.

सर उठले, वाकले, कार्ड आणि सॉकेट आलटून पालटून बघितलं. वायरी ओढून पाहिल्या. एकही निसटली नाही. "कामाला शंभरपैकी पन्नास," ते म्हणाले. "उरलेले मार्क दिवे लागल्यावर."

ट्रेलर शेडमधून बाहेर आला. जुना, हिरवा, दर वर्षी रंग दिलेला. रंगाचे इतके थर झाले होते की तो मुळात बारीक असावा अशी शंका येई. त्याची सगळी वायरिंग सरांनी स्वतःच्या हाताने केली होती. हुक अडकला, प्लग सॉकेटमध्ये बसला, जावई ड्रायव्हरच्या जागी बसला आणि सर ट्रेलरच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी शिट्टी फुंकली.

समोर दंतवैद्य ताठ उभा राहिला. पेशंटला थोडा आराम मिळाला.

"पार्किंग!"

लागले.

"ब्रेक!"

लागले. जावयाचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

"डावा!"

जावयाने डावा इंडिकेटर दिला. टिक टिक टिक. मागून मग शिट्टी आली, लांब.

"जावईबापू, हे काय आहे?"

"काय झालं, सर?"

"गाडी म्हणते मी इकडे वळते, ट्रेलर म्हणतो मी तिकडे. दोघांचा घटस्फोट झालाय का?"

जावई उतरून मागे आला. गाडीचा डावा दिवा लुकलुकत होता आणि ट्रेलरचा उजवा. उजवा इंडिकेटर दिला तर ट्रेलरचा डावा. बाकी सगळं बिनचूक.

"शोधा," सर म्हणाले.

"सर, सॉकेट तर तुम्हीच तपासलंत. कदाचित ट्रेलरमध्ये..."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. शेडच्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती आणि त्यांचा हात त्याच खिशात गेला.

"हा ट्रेलर," ते सावकाश म्हणाले, "माझ्या जुन्या गाडीमागे वर्षानुवर्षं चालला. गाडी डावीकडे तर हा डावीकडे. एकदाही चुकला नाही. जुनी गाडी विकली, ट्रेलर तोच. नवीन कोण आहे इथे?"

नवीन जावई होता. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा डिकीत गेला.

सगळं पुन्हा तपासलं. पिवळी एकला, हिरवी चारला. प्लग काढून सॉकेटच्या भोकांत टेस्टर घातला. डावा दिला तर एक नंबर पेटला, उजवा दिला तर चार. कार्ड खरं होतं, सॉकेट खरं होतं. खोटं बोलणारं अंगणात एकच होतं, आणि त्याला दर वर्षी रंग मिळत होता.

पण हे सरांना सांगायचं कसं? सांगितलं तर किल्ली फिरणार. नाही सांगितलं तर भट्टीची वाट भंगारवाला बघतोय.

"आता मी इथे मागेच थांबतो, सर," जावई म्हणाला. "बघतो नीट. इंडिकेटर ती देईल." बायको पुन्हा आली, हात वर धरून, आणि कोपराने दार लावून गाडीत बसली. जावई सरांच्या शेजारी, त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहिला. दोघांचीही तोंडं ट्रेलरकडे.

"डावा!" सर गरजले आणि त्यांनी हात बाजूला फेकला.

हात जावयाच्या चष्म्यावर बसला.

चष्मा गवतात पडला. जावई खाली बसून तो चाचपडत शोधू लागला, आणि अंधुक दिसत असतानाच त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसलं. तो सरांच्या उजवीकडे उभा होता. सर 'डावा' म्हणाले होते. आणि हात उजवा आला होता.

"लागलं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. उलट बरं वाटतंय."

तो चष्मा पुसत स्वयंपाकघरात गेला. बायको त्याच्यामागोमाग आली आणि तिने पुन्हा कणकेत हात घातले.

"तुझे बाबा 'डावा' म्हणताना उजवा हात करतात?"

"हो मग," ती म्हणाली, जणू त्याने भिंती उभ्या का असतात असं विचारलं होतं. "मुलं समोर तोंड करून उभी असतात ना. बाबांनी डावा केला तर बघणाऱ्याला वाटणार उजवा. म्हणून ते उलटा हात करतात. लहान मुलांना आरशासारखं दाखवावं लागतं. जन्मभर तेच केलं, आता त्यांना दुसरं येत नाही. दोन माणसं समोर आली की झालं सुरू. बँकेत गेले तरी."

"आणि ट्रेलरची वायरिंग त्यांनी केली."

"हो."

"ट्रेलरच्या मागे, दोन दिव्यांसमोर उभं राहून."

बायकोचे हात थांबले.

"त्यांना दोन दिवे म्हणजे समोर उभी दोन मुलंच वाटली असणार," जावई म्हणाला. "आपल्या उजव्या हाताशी जो दिवा, त्याला डाव्याची पिवळी वायर दिली. मग जुन्या गाडीचं सॉकेट बसवलं, तेही गाडीच्या मागच्या दिव्यांसमोर उभं राहून. तिथेही तेच. दोन्हीकडे उलटं, म्हणून सुलटं चाललं."

"अगं बाई," बायको म्हणाली. आणि मग हसायला लागली, पण कणकेवर वाकून, आवाज न करता, कारण खिडकी उघडी होती. डोळे पुसायला हात नव्हते म्हणून तिने ते नवऱ्याच्या बाहीला पुसले. "मग तू आपल्या गाडीतलं उलटं करून टाक ना. मला भट्टी हवीय, न्याय नकोय."

"सॉकेट ते कार्डाशी ताडून बघतात. पिवळी चारला दिसली तर शून्य मार्क."

"मग सांग त्यांना."

"तू सांग. तू मुलगी आहेस."

"मी लहानपणी सांगितलं होतं, बाबा तुमचा हात उलटा आहे. ते म्हणाले, तू उलटी उभी आहेस. आणि मला फिरवून उभं केलं." तिने कणकेला एक गुद्दा दिला. "भिंतीकडे तोंड करून कवायत करणारी शाळेत मी एकटी होते."

तिने कणीक ओल्या फडक्याखाली झाकली आणि खिडकीशी गेली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. सर अजून ट्रेलरच्या मागे उभे होते. "बेकरीवाल्याने दुपारी पुन्हा निरोप पाठवला," ती म्हणाली. "भट्टीची चिमणी काढून ठेवलीय म्हणे. आणि आतून पुसलीय." पुन्हा तोच साधा आवाज.

जावई बाहेर गेला. त्याला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, फक्त काय बोलायचं नाही ते ठाऊक होतं. 'चूक', 'ट्रेलर' आणि 'तुमची' हे तीन शब्द एका वाक्यात आणायचे नाहीत. तो सरांसमोर जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाईक रागावलं की तो असाच उभा राहायचा.

"सर, एक शंका आहे."

सरांचा चेहरा लगेच मऊ झाला. निवृत्तीनंतर शंका घेऊन कोणी येत नसे. "विचारा."

"शिक्षक समोर उभं राहून दाखवतात. त्यांनी उजवा हात वर केला, तर विद्यार्थ्याने कुठला करायचा?"

"डावा," सर म्हणाले. "मी सांगतो ते करायचं. मी करतो ते नाही. हे पहिल्याच दिवशी सांगतो मी."

"आणि एखाद्याला ते कळलंच नाही तर? त्याने आपलं, सरांनी ज्या बाजूचा हात केला तीच बाजू आपली डावी धरली, आणि तशीच पाठ करून ठेवली?"

"असा एखादा असतोच प्रत्येक वर्गात. ढ."

"त्याच्यावर रागवायचं का, सर?"

"छे. बाजूला घ्यायचं, दोन मिनिटांत समजावून द्यायचं. चारचौघांत नाही." सरांनी दवाखान्याच्या खिडकीकडे बोट केलं. "हा दातवाला तसाच होता."

जावयाने फक्त मान वळवून ट्रेलरकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. मग त्यांनी आपला उजवा हात हळूच थोडा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, ट्रेलरच्या त्याच बाजूच्या दिव्याकडे पाहिलं. हात खाली आला. त्यांनी ट्रेलरला एक पूर्ण फेरी घातली, पुढे हुकापाशी येऊन गाडीच्या दिशेने तोंड केलं, आणि पुन्हा हात वर केला. या वेळी डावा. मग मान मागे वळवून त्या हाताच्या बाजूचा दिवा पाहिला.

खिडकीत बायको फडकं हातात धरून उभी होती. तिने ते इतकं पिळलं होतं की त्यात पाणी उरलं नव्हतं.

"जावईबापू," सर म्हणाले, "याने माझी नक्कल केलीय."

"असं वाटतं खरं, सर."

"इतकी वर्षं. तोंडावर. आणि मला पत्ता नाही." ते ट्रेलरसमोर उभे राहिले. आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. "मी काय सांगत होतो आणि तू काय बघत होतास रे?"

ट्रेलरने उत्तर दिलं नाही. तो ट्रेलर होता.

"बारीक स्क्रू ड्रायव्हर द्या," सर म्हणाले. "तुमचा. कानावरचा."

त्यांनी स्वतः प्लग उघडला. जावयाने तो दोन्ही हातांनी धरला. आतली पिवळी वायर कडक झाली होती, हिरवी तर राखाडीच दिसत होती. सरांनी दोन्ही सोडवल्या, टोकं नव्याने सोलली, आणि एकीच्या जागी दुसरी बसवली. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर, मान वर न करता, ते म्हणाले, "जुन्या गाडीचं सॉकेटही याच्याच नादाने बिघडलं असणार."

"संगतीचा परिणाम, सर."

"हं," सर म्हणाले. आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. कुठला ते जावयाने बघितलं नाही.

मग शिट्टी झाली. डावा म्हटल्यावर गाडीचा डावा लागला आणि ट्रेलरचाही डावा. उजव्याला उजवा. सरांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं, गंमत वाटावी तसं. समोरून दंतवैद्याने विचारलं, "सर, आता बसू का?" तोपर्यंत पेशंट घरी गेला होता.

"जावईबापूंना पन्नास अधिक पन्नास," सर म्हणाले. "ट्रेलरला फेरपरीक्षेत पास."

रविवारी सकाळी तिघं निघाले. जावई गाडी चालवत होता, सर शेजारी, बायको मागे. बेकरीवाल्याने भट्टी इतकी चकचकीत केली होती की तो स्वतः तिच्यात दिसत होता. त्याने आणि त्याच्या दोन पुतण्यांनी ती फळ्यांवरून ढकलत ट्रेलरवर चढवली. सरांनी दोर बांधले. दार बंद करताना म्हातारा बायकोला म्हणाला, "मागच्या कोपऱ्यात जरा जास्त तापते. तिथे छोटे पाव ठेव, बाळ." तिने मान हलवली आणि सगळा रस्ताभर ती मागच्या काचेतून भट्टीकडेच बघत बसली. काही बोलली नाही. तिला बोलायचं नसलं की सोबतच्यांनीही गप्प बसायचं असतं, हे नवऱ्याला माहीत होतं. वडिलांना नव्हतं.

रस्ता रिकामा होता. ऊन कोवळं होतं. जावयाने एका वळणावर डावा इंडिकेटर दिला, मागे ट्रेलरनेही दिला, आणि मागून येणारा सायकलवाला समजून उमजून थांबला.

"बघितलंत?" सर म्हणाले. "मागच्या माणसाशी बोलतो तो. पुढच्याशी नाही. जिकडून बोलतो ते त्याचं तोंड. म्हणजे ट्रेलर माझ्याकडे तोंड करूनच उभा होता. तत्त्व माझं बरोबर होतं. नियम चुकीचा आहे."

"हो, सर," जावई म्हणाला. रस्ता सरळ होता आणि त्याला तो तसाच ठेवायचा होता.

"लिही गं," सरांनी मुलीला सांगितलं. तिने भट्टीवरची नजर न काढता पावाची कागदी पिशवी मांडीवर घेतली. सरांनी घसा खाकरला.

"प्रति, माननीय आयुक्त, वाहतूक विभाग, यांस. विषय : वाहनांचे तोंड निश्चित करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वाहन ज्या दिशेस जाते तिकडे त्याचे तोंड आहे असे समजण्याची पद्धत रूढ आहे. तथापि थांबणे, वळणे इत्यादी जे काही सांगावयाचे ते वाहन मागील बाजूनेच सांगते. सबब, सर्व वाहनांची मागील बाजू हेच त्यांचे तोंड म्हणून घोषित करण्यात यावे, त्यानुसार सर्व वाहनांचे डावे व उजवे तात्काळ अदलाबदल करून मिळावे, आणि सदर आदेश निघेपर्यंत आमच्या ट्रेलरमध्ये करण्यात आलेली दुरुस्ती ही केवळ तात्पुरती समजण्यात यावी, ही नम्र विनंती."